विलेचे साटिन कसे पाहावे

योहान गेओर्ग विले (1715–1808) या जर्मन उत्कीर्णकाचे छापचित्र समोर आले, तर शीर्षक वाचण्याआधी भिंग हाती घ्यावे. सरावासाठी 1765 चे ‘पित्याचा उपदेश’ हे चित्र उत्तम. सतराव्या शतकातील डच चित्रकार गेरार्ड तेर बोर्ख यांच्या रंगचित्रावरून विलेने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले. त्यात साटिनचा झगा घातलेली एक तरुणी पाठमोरी उभी आहे, समोर एक पुरुष बसला आहे आणि शेजारची स्त्री पेल्यातून पीत आहे.

झग्याची एकच चुणी निवडून तिच्यातील एक रेषा टोकापर्यंत पाहत जावे. ती सावलीत शिरताना जाड होते आणि उजेडाकडे येताना केसासारखी निमुळती होत नाहीशी होते. कोरणीची मूठ तळहातात धरून तिचे टोक तांब्यात पुढे ढकलतात. दाब वाढला की चर खोल आणि रुंद होतो, त्यात शाई जास्त मावते आणि ओलसर कागदावर ती रेषा अधिक गडद उठते. वळणासाठी हातापेक्षा उशीवर ठेवलेला पत्राच फिरवतात. झगा सर्वाधिक चमकतो तिथे विलेने काहीच कोरलेले नसते, आपल्याला दिसतो तो कोरा कागद. त्वचेच्या छटांसाठी त्या काळचे उत्कीर्णक तिरप्या रेषांची जाळी करून तिच्या घरांत ठिपके देत असत. ती पद्धतही इथे शोधून पाहावी.

तरुणपणी विलेने बंदुका घडवणाऱ्याकडे काम केले होते. धातूवरचा त्याचा संयम तिथला असावा, असे मला वाटते. 1736 मध्ये तो गेओर्ग फ्रीड्रिख श्मिट या बर्लिनच्या उत्कीर्णकासोबत पॅरिसला गेला. श्मिट पुढे बर्लिनला परतला, विले मात्र पॅरिसमध्येच राहिला.

मग खालची कड पाहावी. चित्रकाराच्या नावापुढे बहुधा ‘पिंक्सिट’ (रंगवले) आणि उत्कीर्णकाच्या नावापुढे ‘स्कल्पसिट’ (कोरले) अशी लॅटिन क्रियापदे असतात. कड छाटलेली नसेल, तर पत्र्याच्या दाबाने कागदावर उमटलेली खोलगट चौकटही दिसते. प्रत उशिराची असेल, तर झिजलेल्या पत्र्यावरच्या बारीक रेषा आधी गेलेल्या असतात आणि साटिन सुती कापडासारखे निस्तेज वाटते.

शीर्षक अगदी शेवटी वाचावे, कारण ते तेर बोर्ख यांचे नाही, विलेच्या छापचित्रामुळे रूढ झालेले आहे. बसलेला पुरुष सैनिकी वेशात आहे आणि त्या तरुणीचा पिता शोभावा इतका वयस्कर दिसत नाही. तरीही जर्मन साहित्यिक गटे यांच्या 1809 च्या एका कादंबरीत पात्रे याच चित्राचा जिवंत देखावा उभा करतात, तेव्हा तिथेही त्या पुरुषाला पिताच मानले आहे.