मालवण-वेंगुर्ला किनारा: मासे खायचे कुठे, कधी आणि काय विचारून

देवगडपासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर "ऑथेंटिक मालवणी" लिहिलेल्या पाट्यांना तोटा नाही. पण इथे पाटी बघून जेवायला बसलात तर फसण्याची शक्यता अर्धी. पाटीपेक्षा मासा कधी उतरतो हे कळले, की कुठे बसायचे ते बरेचसे आपोआप ठरते.

मालवण बंदरावर दुपार उलटली की होड्या लागतात आणि लिलाव सुरू होतो. सुरमई, सरंगा, मोठी कोळंबी हा माल तिथून हॉटेलांत जातो. म्हणून मोठ्या माशासाठी रात्रीचे जेवण बरे. दुपारच्या ताटातली सुरमई बहुधा आदल्या संध्याकाळची असते. बर्फात नीट ठेवली असेल तर त्यात वाईट काही नाही, पण ताजी म्हणून जास्त पैसे मोजू नका. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, उलट. तारकर्ली, आचरा, वेंगुर्ला या बाजूला सकाळी रापण ओढली गेली, तर बांगडे, पेडवे, मुडदुशे दुपारीच तव्यावर येतात. मेनूकार्ड उघडण्याआधी "आज काय इला?" एवढेच विचारावे. उत्तरात दोन-तीन नावे आली तर बसा. "सगळा आसा" असे उत्तर आले तर त्या स्वयंपाकघरात फ्रीजर मोठा आहे असे समजा.

नावांचा घोळ आधीच मिटवून घ्या. इथला सरंगा म्हणजे मुंबईकरांचा हलवा, पापलेट नव्हे. सुरमईला इसवण, कोळंबीला सुंगटा, चिंबोरीला कुर्ली, शार्कला मोरी. शिवराक म्हणजे शाकाहारी.

जेवणाच्या जागा तीन प्रकारच्या. मालवण शहरातली जुनी नावाजलेली हॉटेले, उदाहरणार्थ चैतन्य किंवा अतिथी बांबू, आयत्या वेळी पोहोचणाऱ्यांसाठी सोयीची. सुट्टीत मात्र साडेबाराच्या आत जा, नाहीतर दीडला रांगेत उभे राहाल. दुसऱ्या खानावळी. तिथे पदार्थ मोजके आणि मसाला घरचा, पण मासे संपले की दार बंद. सावंतवाडीची भालेकर खानावळ याच जातीची. गाव किनाऱ्यावर नसले तरी गोव्याकडे जाता-येता तिथे थांबणे जमते. तिसरा प्रकार तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती इथल्या घरगुती जेवणाचा. आमच्या मते तोच सगळ्यांत सरस, अट एकच: आधी सांगायला हवे.

दुपारच्या जेवणासाठी सकाळी नऊच्या आत फोन करा, रात्रीसाठी चारच्या आत. माणसे किती, त्यात मुले किती, मासा कोणता आणि तो मिळाला नाही तर पर्याय कोणता, हे सगळे त्याच फोनवर सांगून टाका. कोंबडी-वडे हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगावे. वड्यांचे पीठ भिजवून काही तास मुरावे लागते आणि गावठी कोंबडी शिजायला तास-दीड तास सहज जातो. "अर्ध्या तासात देतो" म्हणणाऱ्याकडे बॉयलर कोंबडी असते आणि वडे पुरीसारखे लागतात.

थाळीत साधारणपणे तळलेल्या माशाची एक तुकडी, माशाच्या कढीची वाटी, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) किंवा कोळंबीचे सुके, चपाती किंवा तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी असते. भात आणि कढी बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळते. तळलेली तुकडी आणि दुसरी सोलकढी यांचे पैसे वेगळे लागू शकतात, ते आधी विचारा. भांडण हमखास होते ते "साइजप्रमाणे" या शब्दावर. असे लिहिलेले दिसले तर कच्चा मासा समोर आणायला सांगा आणि तळणीत जाण्याआधी आकडा ठरवा. किलोवर भाव असेल तर वजन डोके-आतड्यांसकट होते, हेही लक्षात ठेवा.

मासा बघताना डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, कल्ले लाल असावेत, पोट दाबले तर खळगा राहू नये. शिजलेली सुरमई पदर सुटत जाते. पिठासारखी भुगा होत असेल तर ती शिळी, मग मसाला कितीही झणझणीत असो. बांगडा किंवा कुपा (ट्यूना) खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण जाणवली तर ताट बाजूला करा. उन्हात राहिलेल्या अशा माशांत हिस्टामाइन तयार होते आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. तिसऱ्यांमधली जी शिंपली शिजूनही उघडली नाही, ती नखाने उघडू नका, टाका. बांगड्याच्या तिखल्यातले (झणझणीत कालवणातले) तिरफळ हे मसाल्याचे फळ मात्र फक्त वासासाठी असते. चावलेत तर जीभ बधिर होईल.

कुर्ल्या अमावस्येच्या सुमाराला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ असतात असे इथले लोक सांगतात, आणि गिऱ्हाईकही तिथी बघून मागते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी लागते, तेव्हा तिसऱ्या आणि कालवे जास्त मिळतात.

सोलकढी ताज्या नारळाच्या रसाची असेल तर रंग मंद गुलाबी असतो आणि थोडा वेळ ठेवली की वर-खाली थर दिसतात. ढवळून प्या. भडक गुलाबी आणि एकसारखी दिसणारी सोलकढी पाकिटातली असण्याची शक्यता जास्त. नारळाचा रस उकाड्यात लवकर आंबतो, म्हणून दुपारी केलेली रात्री पिऊ नये.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुरमई-पापलेटचा हट्ट धरलात तर ताटात बर्फातलाच माल येणार. त्यापेक्षा खाडीतले शेवटे नावाचे मासे मागा, नाहीतर सुके बांगडे आणि सुकटाची किसमूर (खोबरे घालून केलेली कोशिंबीर) घ्या. पावसाळी जेवण तेच. सोमवारी आणि संकष्टीला बरीच घरे शिवराक असतात. घरगुती जेवण ठरवताना वार बघा. श्रावणात तर फोनवरच स्पष्ट विचारलेले बरे.

मासे न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, घावन, मोसमात फणसाची भाजी. सावंतवाडीत साधले मेस आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत मात्र तळणीचे तेल आणि तवा एकच असू शकतो. चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधी सांगा, कारण नंतर कोणी तेल बदलत नाही.

नाताळ ते नववर्ष आणि मे महिन्यात देवबाग-तारकर्लीचा रस्ता तुंबतो. मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटर, पण त्या आठवड्यात तेवढ्यालाही तास लागू शकतो. राहता तिथेच रात्रीचे जेवण सांगून ठेवा. देवबाग-निवतीकडे मोबाइलची रेंज दगा देते, तेव्हा खिशात रोख असू द्या.