डिस्क ९६ टक्के, रात्रीचे अडीच आणि मी एकटा

डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) व्हायचंय, कोणता कोर्स करू असं ज्युनिअर पोरं सारखी विचारतात म्हणून लिहितोय. मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा, त्यामुळे त्यातलंच सांगतो, ओरॅकल हा दुसरा डेटाबेस, त्याचं ओरॅकलवाल्यांना विचारा.

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, तर यायलाच पाहिजे, पण खरी गरज लागते लिनक्सची, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची. माझं लिनक्स कच्चं होतं आणि नोकरीला सहा महिने झाले नाहीत तोच नाइट शिफ्टला अलर्ट आला, डिस्क ९६ टक्के. बघतो तर पीजी_वॉल नावाचं फोल्डर फुगलेलं, १६-१६ एमबीच्या हजारो फायली. म्हटलं जुने लॉग असतील, उडवू. आरएम (फायली उडवायची कमांड) टाइप करून झालं होतं, एंटर दाबायच्या आधी काय सुचलं कोण जाणे, सीनियर सरांना फोन लावला. ते झोपेत एवढंच म्हणाले, "आधी कीबोर्डवरचा हात काढ."

तर ते वाचायचे लॉग नसतातच. डेटा बदलला की आधी तिथे नोंद पडते, मूळ फायलीत नंतर सावकाश जाते, मधेच सर्व्हर बंद पडला तर याच नोंदींवरून सावरतो. म्हणजे दुकानदाराची कच्ची वही समजा, ती फाडली तर डेटाबेस परत उठेल का याचीच खात्री नाही. या फोल्डरचं जुनं नाव पीजी_एक्सलॉग होतं, नावात लॉग बघून लोक खरंच उडवायचे म्हणून २०१७ साली व्हर्जन १० मध्ये नाव बदललं. (हे कळल्यावर बरं वाटलं, येडा मी एकटाच नव्हतो.)

मग फायली साठल्या का? सरांनी पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स ही यादी बघायला लावली. एक रेप्लिका सर्व्हर (मूळ सर्व्हरची चालू नक्कल) कुणीतरी आधीच काढून टाकला होता, त्याचा स्लॉट (त्याला कुठपासूनच्या फायली अजून लागतील याची नोंद) मात्र तसाच राहिलेला, आणि प्रायमरी, म्हणजे मूळ सर्व्हर, बिचारा त्याच्या वाटणीच्या फायली जपत बसलेला. खात्री करून स्लॉट ड्रॉप केला, चेकपॉइंट मारला (साठलेले बदल मूळ फायलीत उतरवायला लावले), जागा मोकळी झाली. व्हर्जन १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ या सेटिंगने याला मर्यादा घालता येते, पण डिफॉल्टला मर्यादा नसते, ती आपणच लावायची.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे "डेटाबेस हँग झालाय". बहुतेक वेळा हँग काही नसतं, कुणीतरी ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के करायचे बदल) उघडं टाकून चहाला गेलेलं असतं. घरी करून बघा, दोन विंडो उघडा, एकीत बिगिन करून (ट्रान्झॅक्शन सुरू करून) एक रो, म्हणजे टेबलातली ओळ, अपडेट करा आणि कमिट (बदल पक्का) करू नका, दुसरीत तीच रो अपडेट करा, ती लटकते. आता तिसरीतून पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी (कोण काय चालवतंय) आणि पीजी_ब्लॉकिंग_पिड्सने (कोण अडवतंय) चोर शोधा. सापडला की ते एक कनेक्शन तोडायला पीजी_टर्मिनेट_बॅकएंड वापरा, किल मायनस नाइन (लिनक्समधून प्रोसेस जबरदस्तीने मारणं) कधीच नाही, त्याने एकाच कनेक्शनचा नाही तर सगळ्यांचाच बाजार उठतो.

आणि बॅकअप "सक्सेस" दिसला म्हणून खूश होऊ नका, वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. मी पहिल्यांदा केला तेव्हा टेबलं सगळी आली पण युजरच नव्हते, कारण पीजी_डंप या टूलने घेतलेला बॅकअप एकाच डेटाबेसचा असतो, युजर पीजी_डंपऑलने वेगळे काढावे लागतात.