सिंथेटिक फरची शेपटी: गुंता, धुलाई आणि गोव्यातली दमट हवा

शिगमोत्सवाच्या मिरवणुकीतली वानरसेना, दहीकाल्यातला मारुती, कार्निव्हलच्या चित्ररथावरचा वाघ, शाळेच्या वेशभूषा स्पर्धेतला कोल्हा, या सगळ्यांच्या शेपट्या आता बहुधा सिंथेटिक फरच्याच असतात. अशा शेपटीची वाट लागते ती मिरवणुकीत नव्हे, मिरवणूक संपल्यावर. घामाने ओली, धुळीने भरलेली शेपटी रात्री तशीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली जाते, पिशवी टेंपोतून घरी येते आणि थेट माळ्यावर जाते. पुढच्या वर्षी उघडावी तर केसांचा नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेला गोळा, झालेला आणि आत बुरशीचा वास. त्याच रात्री वीस मिनिटं दिली तर चांगल्या फरची शेपटी कितीतरी मोसम टिकते.

आधी माल ओळखून घ्या. हे केस बहुतेक वेळा ॲक्रिलिक किंवा मोडॲक्रिलिक धाग्याचे असतात, काही स्वस्त प्रकारांत पॉलिएस्टरचे. ते मागच्या विणलेल्या कापडात अडकवलेले असतात. हा प्लास्टिकचाच धागा असल्यामुळे त्याचा खरा शत्रू उष्णता. वितळण्याच्या कितीतरी आधी धागा मऊ पडतो आणि त्याचं टोक आकसून कुरळं होतं. अशी कुरळी टोकं एकमेकांत आकड्यांसारखी अडकतात आणि तिथून गुंता सुरू होतो. करपलेलं टोक पुन्हा सरळ होत नाही, कापूनच टाकावं लागतं. म्हणून गरम पाणी, इस्त्री आणि केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा तिन्ही वर्ज्य. रंगमंचावरच्या तापलेल्या दिव्यांना आणि जनरेटरच्या धुराड्याला शेपटी टेकणार नाही हेही पाहायला हवं.

हत्यारं थोडीच लागतात. बारीक वाकड्या तारांचा, कुत्र्या-मांजरांसाठी मिळतो तो स्लिकर ब्रश. रुंद दातांचा स्टीलचा कंगवा. शिवण उसवायचं छोटं हत्यार. आणि पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, तिच्यात अर्धा लिटर पाणी आणि एक मोठा चमचा फॅब्रिक कंडिशनर. कंडिशनर याहून जास्त घालू नका. केसांवर त्याचा थर बसतो, शेपटी तेलकट लागते आणि पुढच्या मिरवणुकीत सगळी धूळ तीच ओढून घेते. प्लास्टिकचा साधा कंगवा ओढताना केसांत स्थिर वीज तयार करतो. वातानुकूलित सभागृहातल्या कोरड्या हवेत हे लगेच जाणवतं, केस फुलून उभे राहतात.

कार्यक्रम झाला त्या रात्री शेपटी कमरेच्या पट्ट्याला धरून उलटी-सुलटी झटका आणि खिळ्याला टांगून पंखा लावा. घाम शेपटीच्या टोकाला नसतो. तो असतो पट्ट्यात आणि बुडाच्या चार-पाच इंचांत, जिथे ती कमरेला घासते. तेवढ्याच भागावर मागच्या कापडाच्या बाजूने आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन हलका फवारा मारा. आधी एका कोपऱ्यात मारून रंग उतरत नाही ना ते बघा आणि जवळपास पेटता दिवा, समई किंवा उदबत्ती ठेवू नका. केसांवर अत्तर मारून वास झाकायचा प्रयत्न निरुपयोगी आहे. दोन दिवसांनी घाम आणि अत्तर दोन्हींचा मिळून वेगळाच वास येतो.

गुलालाचं प्रकरण जरा नाजूक आहे. शिगम्यात शेपटीवर गुलाल पडला की पहिली ऊर्मी येते ती नळाखाली धरायची. तसं करू नका. बाजारातल्या काही रंगांत ऱ्होडामाइन किंवा मॅलाकाइट ग्रीनसारखे ‘बेसिक’ नावाच्या रासायनिक वर्गातले रंग सापडतात आणि कारखान्यात ॲक्रिलिक रंगवायला याच वर्गातले रंग वापरतात. कोरडा असेपर्यंत तो फक्त भुकटी आहे. ओला झाला, त्यात गरम पाण्याची भर पडली, की तो धाग्यात शिरतो. त्यामुळे आधी शेपटी उघड्यावर जोरात झटका, मग टोक खाली धरून कोरड्या ब्रशने भुकटी पाडा, व्हॅक्यूम असेल तर नळीच्या तोंडाला पातळ मलमल बांधून ओढून घ्या. भुकटी पडायची थांबली की मगच थंड पाणी, तेही भरपूर आणि वाहतं. पांढऱ्या फरवर गुलाबी झाक राहिलीच तर ब्लीचच्या मागे लागू नका. त्याने झाक जाईल याची खात्री नाही, मागचं कापड आणि शिवणीचा दोरा मात्र कुजू शकतो.

आता गुंता. बहुतेक लोक बुडापासून सुरुवात करतात आणि एका दमात टोकापर्यंत ओढतात. त्याने सगळे छोटे गुंते सरकत खाली येऊन एका जागी जमतात, शेवटी मोठी गाठ बनते आणि ओढली की केस मुळासकट सुटतात. फरचा केस कापडात फक्त अडकवलेला असतो, त्याला खरं मूळ नाही. एकदा सुटला की तिथे टक्कल, आणि ते भरून येत नाही.

शेपटी मांडीवर किंवा टेबलावर आडवी ठेवा. आधी नुसत्या बोटांनी चाचपून आघाड्याच्या बिया, कुसळं, वाळू, टाचण्या काढा. कुसळावरून ब्रश फिरला तर ते अजून आत घुसतं. मग टोकाकडून बुडाकडे जायचं, एका वेळी दोन बोटं रुंदीचा पट्टा. त्या पट्ट्यावर फवारा मारा, केस दमट व्हायला हवेत, निथळायला नकोत. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने केस कापडालगत घट्ट दाबून धरा, म्हणजे ओढ कापडावर न येता तुमच्या बोटांवर येईल. ब्रशने केसांचा फक्त शेवटचा अर्धा इंच विंचरा. मोकळा झाला की पुढचा अर्धा इंच, असं करत कापडापर्यंत पोहोचा. ब्रश टेकवून दाबायचा नाही, तारा कापडाला खरवडतात. मनगट सैल ठेवून उचल-टेक, उचल-टेक असा फिरवायचा.

मध्येच ब्रशवर जमलेले केस निरखून पाहा, ते सगळं सांगतात. तुटकी, कुरळी, अर्धा-पाऊण इंचाची टोकं असतील तर ठीक, तो जुना झिजलेला माल बाहेर येतोय. पूर्ण लांबीचे सरळ केस दिसले तर तुम्ही ते उपटताय. तिथेच थांबा, पकड बदला, अजून थोडा फवारा मारा. आवाजही ऐका. मोकळ्या केसांतून ब्रश जाताना हलकी सळसळ होते, गुंत्यात अडकला की चरचर. चरचर ऐकू आली की जोर वाढवायचा नाही.

नमदा झालेली गाठ विंचरून सुटत नाही. तिच्यावर फवारा मारून दहा मिनिटं तशीच राहू द्या. मग शिवण उसवायच्या हत्याराने गाठ केसांच्या दिशेत, म्हणजे बुडाकडून टोकाकडे, उभी तीन-चार ठिकाणी चिरा. आडवी कधीच नाही. चिरलेला प्रत्येक तुकडा बोटांनी सैल करून कंगव्याच्या कोपऱ्यातल्या एकाच दाताने उकलत जा, ब्रश सगळ्यात शेवटी. काही केस जातील, पण आडव्या कात्रीने जो खड्डा पडतो तो पडणार नाही. सगळं मोकळं झाल्यावरही वर धुरकट, फुललेला थर उरला तर ती करपलेली टोकं आहेत. कात्री केसांना समांतर धरून टोकं अगदी वरवर, दोन-तीन मिलिमीटरच छाटा, मध्ये मध्ये झटकून बघा.

शिवणीत अडकलेले केस हा वेगळाच प्रश्न, आणि नव्या शेपटीतही तो असतो. लांबलचक शिवणीची रेघ दिसते ती त्यामुळेच. बोथट, जाड सुईने टाक्याखालून एकेक बट उचलून बाहेर काढली की रेघ नाहीशी होते. काम कंटाळवाणं आहे, पण शेपटी देखणी दिसण्यासाठी याच्याएवढा उपयोग दुसऱ्या कशाचाच नाही.

च्युइंगगम किंवा गोंद लागला तर बर्फ लावून कडक करा आणि चुरा करून काढा. नेलपॉलिश काढायचं द्रावण फरजवळ आणूच नका, त्यातल्या ॲसिटोनमध्ये मोडॲक्रिलिकचा धागा विरघळतो. तोंडाच्या रंगाचे तेलकट डाग भांडी घासायच्या द्रव साबणाच्या दोन थेंबांनी निघतात.

धुलाई मोसमात एकदा पुरे, आणि ती मोसम संपला की लगेच, मार्च-एप्रिलमध्ये. पावसाळ्यात शेपटी धुऊ नये. धुण्याआधी एक साधं काम करा: कोरडी शेपटी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. त्याचं कारण पुढे येतंच.

भरण काढता येत असेल तर काढा. बुडाशी चेन नसेल तर चार इंच शिवण उसवायची आणि उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस बाहेर घ्यायचा. पाणी शोषणारं खरं घर फर नव्हे, हे भरण. बादलीत दहा लिटर थंड पाणी आणि लोकरीच्या कपड्यांचा द्रव साबण वीस मिलीलिटर घाला. शेपटी आधी विंचरून घेऊनच आत सोडा, गुंता ओला झाला की आणखी आवळतो. पंधरा मिनिटं भिजवा, वरखाली बुचकळा, चोळू नका, पिळू नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा खळबळा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल आणि बादलीत तांबूस साका बसत असेल, तर पांढऱ्या फरसाठी शेवटचं पाणी गाळलेलं घ्या, नाहीतर तीच झाक केसांवर चढते. शेवटच्या पाण्यात दहा मिलीलिटर कंडिशनर पुरतं.

टॉवेलमध्ये गुंडाळून दाबत पाणी काढा. भरण काढलेली शेपटी आधी आतली बाजू बाहेर करून सावलीत पंख्याखाली वाळवा, मग सुलटी करा. केस अर्धवट ओले असताना ब्रश फिरवला की ते पुन्हा भुरभुरीत होतात. भरणासकट धुतलेल्या शेपटीला कोरड्या दिवसांतही तीन-चार दिवस लागतात. वरून ती दुसऱ्याच दिवशी कोरडी वाटते, आणि तिथेच फसगत होते. वजन करा. पॉलिएस्टर आणि ॲक्रिलिक हवेतली ओल फारच कमी धरतात, त्यामुळे वजन धुण्याआधीच्या आकड्यावर आलं नसेल तर जास्तीचं वजन म्हणजे आत अडकलेलं पाणीच. आकडा जुळेपर्यंत पंखा बंद करायचा नाही.

मारुतीच्या लांब, वळवलेल्या शेपटीत तार असते. ती बांधकामाची लोखंडी तार असेल तर समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजतेच आणि तपकिरी डाग कापडातून वर येतो. तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार वापरा, दोन्ही टोकं वळवून गोल करा आणि त्यांवर कापडी टेप गुंडाळा, नाहीतर टोक फर फोडून बाहेर येतं आणि मागून चालणाऱ्या मुलाच्या डोळ्यापर्यंत जाऊ शकतं. तारेची शेपटी धुवायची तर तार काढूनच. शेपटीचं वजन पातळ इलॅस्टिकवर टाकू नका. दोन इंच रुंद पट्टा आणि बुडाशी दुहेरी शिवलेले दोन बंद हवेत, नाहीतर नाचताना ओढ एकाच टाक्यावर येऊन कापड फाटतं.

लंकादहनाच्या प्रवेशाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. फरच्या शेपटीला खरी ज्योत कधीही लावू नये, टोकाला ओली चिंधी बांधूनसुद्धा नाही. ॲक्रिलिक झपाट्याने पेटतं, वितळलेले थेंब कातडीला चिकटतात आणि धुरात सायनाइड वायू असतो. मोडॲक्रिलिक सहज पेट घेत नाही, पण शेपटीतला धागा नेमका कुठला हे नुसतं बघून कळत नाही. लाल-केशरी साटीनच्या पट्ट्या आणि बॅटरीवरचे एलईडी दिवे टोकाला बांधले की काळोखात पुरेसा आभास होतो.

जूनआधी शेपटी ठेवायची ती टांगून, पट्ट्याला धरून, सुती कापडाच्या खोळीत. लांब शेपटी फूटभर व्यासाच्या सैल वेटोळ्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, जुन्या चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत सामानाखाली दाबून तर अजिबातच नको, तापलेल्या डिकीत पडलेली घडी केसांत कायमची बसते. खोळीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या लागत नाहीत, कसर लोकर आणि रेशीम खाते, प्लास्टिक नाही. त्या गोळ्यांचा वास मात्र भरणात महिनोन्महिने राहतो.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, उघडीप पाहून, खोळ काढून तासभर हवा द्या. बुडाशी हात घालून वास घ्या. दमट, मातकट वास आला की भरण काढून टाकायचं, वाळवून पुन्हा वापरायचं नाही, नवा पॉलिएस्टरचा कापूस स्वस्त पडतो. कापडावर पांढरी बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून बाहेर अंगणात कोरड्या ब्रशने झाडा, एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी कापडाच्या बाजूने लावा, अर्ध्या तासाने पुसून कोवळ्या उन्हात वाळवा. काळे ठिपके पडले असतील तर ते निघत नाहीत. पण कापड दोन्ही हातांनी ताणून पाहा. विण पक्की असेल आणि वास गेला असेल तर ठिपक्यांसकट शेपटी वापरात राहू शकते. ताणल्यावर टरकन आवाज आला तर तेवढा भाग कापून काढा आणि उरलेल्या फरची लहान मुलाच्या मापाची शेपटी शिवा.