छोट्या रिंगणात घोड्याच्या उड्यांचा सराव कसा करावा

कँटरमध्ये, म्हणजे हलक्या दौडीत, घोड्याची एक ढांग साधारण साडेतीन मीटरची असते. म्हणजे 20 बाय 40 मीटरच्या रिंगणाची लांब बाजू दहा-अकरा ढांगांत संपते आणि लगेच वळण येतं. अशा जागेत सहा-आठ अडथळे दाटीवाटीने मांडले, तर घोडा आणि स्वार दोघंही सतत घाईत राहतात. दोन अडथळे आणि थोडे सुटे पोल, म्हणजे लांब दांडे, पुरे होतात. उडी बिघडते ती बहुतेक वेळा आधीच्या वळणात, आणि वळणं इथे भरपूर मिळतात. त्यामुळे शिकण्यासाठी ही जागा मला फार मोलाची वाटते.

मांडणी. कडेने फिरायला वाट मोकळी राहू द्या. अंतर टेपने मोजा. टेप नेहमी हाताशी नसतो, म्हणून 90 सेंटिमीटरचं पाऊल टाकायची सवय करा. अशी चार पावलं म्हणजे कँटरची साधारण एक ढांग. पोल टेकवायचे कप रिकामे असतील तर स्टँडवर राहू देऊ नका, घोडा घासला गेला तर जखम होते. हेल्मेट हवंच, आणि पोल उचलायला व लक्ष ठेवायला एक माणूस खाली उभा हवा.

अंग मोकळं करणं. दहा-पंधरा मिनिटं चाल आणि ट्रॉट (दुडकी), दोन्ही बाजूंनी. मग रिकिबी एक-दोन भोकं वर घ्या आणि जमिनीवरच्या पोलांवरून ट्रॉट करा. पोलांमधलं अंतर 1.2 ते 1.4 मीटर, घोडा लहान असेल तर त्याहून कमी. पाय दोन पोलांच्या बरोबर मध्ये पडत असेल तर अंतर जमलं. पोल एक ठेवा किंवा तीन-चार ठेवा. दोनच ठेवले तर बरेच घोडे ते एकदम ओलांडायला बघतात.

चार पोलांचं वर्तुळ. एकच व्यायाम करायला वेळ असेल, तर मी हाच सुचवेन. साधारण 15 मीटर व्यासाच्या वर्तुळावर चार पोल जमिनीवर ठेवा, घड्याळातल्या 12, 3, 6 आणि 9 च्या जागी. प्रत्येक पोल मध्यावर ओलांडत कँटर करा आणि दोन पोलांमधल्या ढांगा मोठ्याने मोजा. चारही भागांत आकडा सारखा यायला हवा. एका भागात ढांग वाढली, तर बहुधा घोडा तिथे बाहेर सरकला. बाहेरचा लगाम आणि बाहेरचा पाय सैल पडला होता का, ते बघा. कमी झाली तर तो आत कलला किंवा वेगात आला. आतला लगाम ओढून दुरुस्ती करू नका, त्याने फक्त मान वळते आणि खांदा बाहेर निसटतो. आकडा स्थिर झाल्यावरच समोरासमोरचे दोन पोल 20-30 सेंटिमीटर उचला. घोडा थकण्याआधी बाजू बदला, कारण सतत एकाच अंगाच्या लहान वळणांनी सांध्यांवर ताण येतो.

मधोमध एक क्रॉस. रिंगणाच्या मध्यरेषेवर, अगदी केंद्रात, 40-50 सेंटिमीटरचा क्रॉस, म्हणजे दोन पोल X सारखे तिरके टेकवलेला अडथळा, लावा. सुरुवातीला ट्रॉटमध्ये या आणि अडथळ्याच्या अडीच मीटर आधी जमिनीवर एक पोल ठेवा. उडी कुठून घ्यायची ते घोड्याला त्यावरून कळतं. लांब बाजू सोडून मध्यरेषेवर वळताना नजर आधीच क्रॉसवर हवी. रेषा ओलांडून पुढे गेलात, तर उडी न मारता वर्तुळ घेऊन परत या. उडीनंतर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळा. कुठे वळायचं ते उडीआधी ठरवा आणि हवेत असतानाच तिकडे बघा. थोड्याच दिवसांत घोडा त्या बाजूच्या लीडवर, म्हणजे त्या बाजूचा पुढचा पाय आघाडीला ठेवून, उतरू लागतो. चुकीच्या लीडवर उतरला तर ट्रॉटवर येऊन शांतपणे पुन्हा कँटर घ्या.

बाउन्स. लांब बाजूला, कोपऱ्यांपासून दूर, दोन छोटे अडथळे 3 ते 3.3 मीटरवर लावा. मध्ये ढांग नाही. उतरला की लगेच पुढची उडी. आधी दोन्ही पोल जमिनीवर ठेवून कँटरमध्ये जा, मग पहिला उचला, मग दुसरा. 30-40 सेंटिमीटर भरपूर झाले. मागचे पाय आणि पाठ यांना यात जोरदार काम पडतं, म्हणून चार-पाच फेऱ्यांत थांबा. तुमचे हात मानेकडे पुढे जाऊ द्या. तोल जातोय असं वाटलं तर आयाळ धरा, पण लगामाला लोंबकळू नका.

जमीन निसरडी किंवा टणक असेल त्या दिवशी फक्त पोलांवर काम करा. उड्या आठवड्यातून दोन दिवस ठेवा, आणि शेवटी श्वास पूर्ववत होईपर्यंत लांब लगामावर घोड्याला चालवा.