थंडीत घरातला पाम: पाण्याला आवर घाला, उजेड वाढवा

थंडी सुरू झाली की घरात ठेवलेल्या पामच्या झावळ्या पिवळ्या पडू लागतात, पात्यांची टोकं वाळतात. झाड तहानलंय असं वाटून पाणी वाढवलं जातं आणि तिथेच घात होतो. या दिवसांत उजेड कमी असतो, माती गार असते, वाढ जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे मुळं पाणी फारच सावकाश ओढतात. कुंडीत ओल साचून राहते, मातीतली हवा संपते आणि मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं झाडही सुकल्यासारखं दिसतं.

म्हणून वार ठरवून पाणी घालू नका. दर वेळी बोट मातीत खुपसून पाहा. वरची चार-पाच सेंटिमीटर माती कोरडी लागली तरच पाणी द्या. मोठ्या कुंडीत वरची माती फसवते. तिथे एक कोरडी लाकडी काडी खोलवर घालून दहा मिनिटांनी काढा. काडी ओली, गार लागली तर थांबा. पाणी द्याल तेव्हा मात्र खालच्या भोकातून बाहेर पडेपर्यंत द्या आणि बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. घोट घोट पाणी रोज घातलं तर वरची माती ओली राहते, खालची मुळं कोरडी राहतात आणि क्षारही साठत जातात. पाणी खोलीच्या तापमानाचं असू द्या. बाहेरची सजावटीची कुंडी बिनभोकाची असेल तर तिच्या तळाशी पाणी साचलंय का, हे आवर्जून बघा. बरेच पाम याच एका कारणानं जातात.

पिवळेपणा दिसला की आधी एकच गोष्ट पाहा: कोणतं पान पिवळं आहे? सगळ्यात खालची एखादी झावळी अधूनमधून पिवळी पडून वाळणं हे वयामुळे होतं, त्याची काळजी नको. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके येऊन टोकांकडून वाळ सुरू झाली असेल तर पालाश (पोटॅशियम) कमी पडतंय. जुन्या पानाची कड रुंद पिवळी आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियमची कमतरता. नवीन पान फिकट पिवळं निघत असेल तर लोह मिळत नाहीये, आणि त्याचं मूळ बहुधा ओलीनं गुदमरलेल्या किंवा फार खोल लावलेल्या मुळांत असतं. अशा वेळी खत टाकण्याआधी ओल आणि लावणीची खोली तपासा. कोणत्याही पिवळेपणावर मॅग्नेशियम सल्फेट घालायची सवय मला अजिबात पटत नाही. पालाशची कमतरता असताना जास्तीचं मॅग्नेशियम ती आणखी वाढवतं.

कात्री हातात घेतानाही घाई नको. पालाश कमी असताना झाड जुन्या पानातला साठा नव्या पानाकडे नेतं. अर्धवट पिवळी झावळी कापली की तो साठाही जातो. पूर्ण वाळलेली झावळीच काढा. तपकिरी टोकं कापताना हिरव्यापर्यंत जाऊ नका, बारीकशी वाळकी कड ठेवा. शेंड्याचा कोंब मात्र कधीही छाटू नका. पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा एकच बिंदू असतो, तो गेला की ते खोड संपलं. कोंबातलं न उघडलेलं पान हलकं ओढल्यावर सुटून आलं आणि बुडाशी वास मारत असेल तर कुज शेंड्यापर्यंत पोचली आहे. अरेकासारख्या झुपक्याच्या पाममध्ये तेवढं खोड काढून बाकीची वाचवता येतात. केंटियासारख्या एका खोडाच्या झाडात ती सोय नाही.

टोकं वाळण्यामागे कोरडी हवा आणि पाण्यातले क्षारही असतात. मातीवर पांढरा थर दिसला तर थर खरवडून काढा आणि थंडी ओसरल्यावर कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधं पाणी सावकाश सोडून माती धुऊन घ्या. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवल्यानं क्लोरीन उडतं, फ्लोराइड नाही. फ्लोराइडचा त्रास होत असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी चांगलं.

उजेडाबाबत सगळे पाम सारखे नाहीत. अरेकाला खिडकीजवळचा भरपूर, पण थेट नसलेला उजेड लागतो. केंटिया, ऱ्हापिस आणि पार्लर पाम कमी उजेडात तग धरतात, पण अंधाऱ्या कोपऱ्यात तेही झिजतातच. काच थंडगार होत असेल तर पानं काचेला टेकू देऊ नका. तापमान १२ अंशांच्या खाली जाऊ नये. हीटरचा किंवा एसीचा झोत अंगावर आला तर पात्या भराभर वाळतात.

अशाच कोरड्या, उबदार हवेत लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, वाढतो. पांढरा कागद पानाखाली धरून पान झटका; धुळीसारखे हलणारे ठिपके दिसले तर तोच आहे. पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा धुवा, कारण एका धुण्यात अंडी जात नाहीत. तरीही राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण घालून फवारा. आधी एका पानावर करून बघा, उन्हात मुळीच नको. पिठ्या ढेकूण (कापसासारखा पांढरा दिसणारा किडा) झावळीच्या बेचक्यात दडतो, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपून काढा.

रोपवाटिकेत विक्रीसाठी पाम वाढवणाऱ्यांनी भरपूर उजेडातली रोपं थेट घरात पाठवू नयेत. काही आठवडे दाट शेडनेटखाली ठेवून, खत कमी करून मगच द्या, नाहीतर ग्राहकाच्या घरी पोचताच पानगळ होते.

थंडीत खत आणि कुंडीबदल दोन्ही टाळा. कोंब पुन्हा वर सरकू लागला, की नत्र-स्फुरद-पालाश साधारण ३:१:२ प्रमाणातलं, सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं सावकाश विरघळणारं खत सुरू करा. मुळं कुंडीत गच्च झाली असतील तर त्याच सुमारास फक्त एक माप मोठी कुंडी घ्या, मुळांचा गोळा न फोडता उचला आणि खोड आधी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा.