पुपुसा चिरते, फुटते, तव्याला चिकटते? या चुका टाळा

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात पुपुसा राष्ट्रीय पदार्थ आहे, आणि तोही नुसता म्हणण्यापुरता नाही. 2005 साली तिथल्या विधिमंडळाने तसं रीतसर ठरवलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार पुपुसा दिन म्हणून नेमून दिला. मक्याच्या मऊ पिठाचा गोळा, आत चीज, घोटलेला राजमा किंवा भोपळ्याचा कीस. हातावर थापायची, तव्यावर भाजायची, झालं. घरी करायला घेतली की मात्र कडा चिरतात, सारण बाहेर डोकावतं आणि आपण म्हणतो, ‘मला थापता येत नाही.’ थापण्याचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा घोळ पिठात असतो.

पीठच चुकलं तर

आपल्याकडे दुकानात कॉर्नफ्लोअर मागितलं की पांढरं, भुरभुरीत स्टार्च हातात पडतं. ते सूप दाट करायला ठीक. पुपुसा त्याची होणार नाही. दुसरी चूक म्हणजे भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ. त्याचा गोळा होतो, पण थापायला लागलं की कडेला तडे जातात, कितीही मळा.

याचं कारण असं, की पुपुसासाठीचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच दळतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं, सालातला चिकट अंश विरघळतो आणि दाण्यातलं स्टार्चही थोडं फुलतं. म्हणून गव्हासारखं ग्लूटेन नसतानाही हे पीठ एकजीव राहतं. असं तयार पीठ ‘मासा हारिना’ नावाने मिळतं. अमेरिकेत साध्या सुपरमार्केटमध्येही असतं. भारतात बहुधा ऑनलाइन मागवावं लागतं आणि महाग पडतं. अमेरिकेतल्या शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: तिथल्या दुकानांत मळलेलं ओलं पीठही मिळतं, पण पाकिटावर ‘प्रेपारादा’ असेल तर ते तामालेसाठीचं (पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पदार्थासाठीचं) असतं आणि त्यात बहुतेकदा डुकराची चरबी मिसळलेली असते.

हौस असेल तर मका घरी शिजवा. वाळलेला पांढरा मका घ्या. पॉपकॉर्नचा किंवा स्वीट कॉर्न नको. किलोभर मक्याला साधारण 10 ग्रॅम खायचा चुना पुरतो. पातेलं स्टीलचं हवं, कारण ॲल्युमिनियमला चुना खातो. चोळल्यावर साल निघेपर्यंत शिजवा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, सकाळी तीन-चार पाण्यांतून खळखळून धुवा. खरी गोची वाटताना होते. मिक्सर फिरावा म्हणून पाणी घालत गेलं की गोळ्याऐवजी डोशाचं पीठ होतं. वेट ग्राइंडर किंवा पाटा-वरवंटा असेल तरच या वाटेला जा.

आणि यातलं काहीच जमणार नसेल तर? कच्च्या मक्याच्या पिठाशी झुंजत बसू नका, सरळ तांदळाकडे वळा. ही पळवाट नाही. राजधानी सान साल्वादोरहून विमानतळाकडे जाताना ओलोकुइल्ता नावाचं गाव लागतं, ते तांदळाच्या पिठाच्या पुपुसांसाठीच प्रसिद्ध आहे. मोदकाला काढता तशी उकड काढा, गरम असतानाच चांगली मळा. ज्यांचा हात उकडीवर बसलेला आहे त्यांची पहिलीच पुपुसा नीट होते.

पाणी कमी, हात कोरडे

दोन कप मासा हारिनाला चवीपुरतं मीठ आणि दीड कप कोमट पाणी घालून सुरुवात करा, पुढे चमच्याचमच्याने वाढवा. मळून ओल्या फडक्याखाली 10-15 मिनिटं ठेवा. पीठ पाणी पीत राहतं, त्यामुळे मळताना सैल वाटलं तरी घाबरू नका. मग लिंबाएवढी गोळी तळहातावर दाबून बघा. कड फाटली तर आणखी पाणी, हाताला चिकटली तर चिमूटभर पीठ.

आपला हात नेमका इथे घात करतो. भाकरीच्या सवयीने आपण परातीत कोरडं पीठ भुरभुरतो. पुपुसाला कोरडं पीठ लावलं की तोंड मिटत नाही, मिटलं तरी भाजताना उघडतं. शेजारी वाटीत पाणी आणि थोडं तेल ठेवा, प्रत्येक गोळ्याला त्यात बोटं बुडवा. लाटणंही नको.

सारण ओलं, गरम किंवा जास्त

राजमा रात्रभर भिजवून कुकरला मऊ शिजवा, मग कांद्यावर तेलात घोटत परता. पळी फिरवल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे आणि मिश्रण लगेच परत मिटता कामा नये. तोवर गॅस बंद करू नका. पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. गरम सारणाने पारी आतून सैल होते. झुकिनी किंवा दुधी घेतलात तर किसून मीठ लावा, दहा मिनिटांनी घट्ट पिळा. पाणी किती निघतं ते पाहून चकित व्हाल.

पनीर वितळत नाही, त्यामुळे नुसतं पनीर घातलं तर आत भुगा लागतो. तिथल्या केसियो या वितळणाऱ्या चीजच्या जागी मोझरेला त्यातल्या त्यात जवळचं. किसून राजम्यातच मळून टाका. त्याची पेस्ट झाली की टोचणारे तुकडे राहत नाहीत आणि पारी फाटत नाही. परदेशात असाल तर चीजवरचं लेबल वाचा, दूध फाडायला वापरलेलं रेनेट प्राणिजन्य असू शकतं. लोरोको नावाच्या वेलीच्या कळ्या चीजमध्ये घालतात, त्यांना आपल्याकडे पर्याय नाही. सोडून द्या.

पुरण जास्त तेवढी पोळी चांगली, हा हिशोब इथे लागू नाही. 80-90 ग्रॅमच्या गोळ्यात दोन टेबलस्पून सारण पुष्कळ झालं. वाटी करा, भरा, तोंड बंद करून वरचं जास्तीचं पीठ चिमटून काढा. ते तसंच ठेवलं तर मध्ये जाड, कच्चा गड्डा राहतो. मग दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत थापा, जाडी जेमतेम सेंटिमीटरभर.

तव्यावर

तवा आधी चांगला तापवा, तेलाचा नुसता हात फिरवा. मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर एका बाजूला 3-4 मिनिटं. उलथणं घातलं आणि चिकटली तर ओढाताण करू नका; कवच धरलं की ती आपोआप सुटते. थोडं चीज बाहेर येऊन तव्यावर कुरकुरीत झालं तर तो दोष नव्हे. घरात त्या तुकड्यावरून भांडणं होतात.

कुर्तिदो, म्हणजे पुपुसासोबतची कोबीची आंबट कोशिंबीर, ऐन वेळी करू नका. कोबी आणि गाजरावर उकळतं पाणी मिनिटभर, निथळून व्हिनेगर, कांदा, ओरेगानो, मीठ. निदान चार तास, जमल्यास आदल्या रात्री. सोबतचा टोमॅटोचा सॉस पातळ आणि सौम्य असतो. त्याचा ठेचा करू नका.

उरलेल्या पुपुसा मायक्रोवेव्हमध्ये वातड होतात, तव्यावरच गरम करा. जास्त करून ठेवायच्या तर हलक्या भाजून, गार करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये टाका.