किनाऱ्यावर मोठ्यांचा खेळाचा दिवस कसा आखावा

मे महिना लागला की चाकरमानी गावी उतरतात. घरं भरतात, पडवीत पत्त्यांचा डाव पडतो, मुलं दिवसभर वाळूत असतात. मोठी माणसं मात्र बसून राहतात. खाणं झालं की गप्पा, गप्पा झाल्या की झोप. आमची वाडी गुहागरच्या बाजूची. काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की वर्षातला एक दिवस मोठ्यांनी खेळायचं. मुलांनी टाळ्या वाजवायच्या आणि पाणी द्यायचं.

तेव्हापासून हा दिवस आखायचं काम माझ्याकडे आहे. माझ्या अनुभवात दोनच गोष्टींवर तो उभा राहतो. खेळ कधी खेळायचे हे समुद्राला विचारून ठरवायचं, आणि एकही माणूस बाद होऊन कडेला बसणार नाही असे खेळ निवडायचे. बाकी सगळं कमीजास्त झालं तरी निभावतं.

आधी तिथी, मग तारीख

पहिल्या वर्षी आम्ही सोयीचा रविवार धरला आणि पंचांग उघडलंच नाही. त्या दिवशी अष्टमी होती. दुपारी दोनला ओल्या वाळूत छान रेघा मारल्या आणि साडेचारला त्या पाण्याखाली गेल्या. मग कोरड्या, भुसभुशीत वाळूत सरकलो. तिथे पंधरा मिनिटांत दोघांच्या पोटऱ्यांत गोळे आले. दिवस तिथेच संपला.

भरतीचा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. जो आकडा येतो ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसा आणि रात्रीही. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती आणि बाराच्या पुढे ओहोटी. कृष्ण पक्षात आकडे पुन्हा एकपासून मोजायचे, अमावास्या पंधरावी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो. तेव्हा तारीख पक्की करण्याआधी मासेमारीला जाणाऱ्या एखाद्या माणसाला विचारा आणि छापील भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा.

आपल्याला हवी ती ओहोटी, आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे दीड-दोन तास. सकाळी खेळायचं असेल तर तृतीया ते पंचमी चांगली, कारण चतुर्थीला ओहोटी नवाच्या सुमारास येते. डिसेंबर ते फेब्रुवारीत हाच बेत करावा, तेव्हा नऊ-दहापर्यंत ऊन सोसवतं. मे महिन्यात मात्र मी संध्याकाळच धरतो. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी साडेपाचला. साडेतीनपासून रेघा मारता येतात आणि सूर्य सातच्या सुमारास मावळेपर्यंत ओली, घट्ट वाळू पायाखाली असते. पौर्णिमेला उधाण असतं, त्यामुळे पाणी खूप आत जातं आणि मैदान मोठं मिळतं. वर जेवायला बसेपर्यंत चंद्रही वर येतो. पण उधाणाचं पाणी परततानाही जोरात येतं. ओहोटीनंतर पहिला तास ते सावकाश चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला झपाट्याने. म्हणून सात वाजता सगळं सामान वर आणायचं, डाव अर्धा राहिला तरी.

जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर किनाऱ्यावरचा बेत करूच नका. पावसाळ्यात शाळेचं पटांगण किंवा देवळाचा सभामंडप बरा.

जागा चालून बघा

खाडीच्या मुखापासून लांब राहा. तिथे ओढ असते आणि वाळूही जागा बदलते. सुरूचं बन जवळ असेल तर सावलीची सोय होते. घट्टपणा तपासायला टाच जोराने दाबायची. ठसा अर्ध्या बोटापेक्षा खोल गेला तर आणखी खाली, पाण्याच्या बाजूला सरकायचं.

खेळाच्या तासभर आधी दहा-बारा जणांनी हाताच्या अंतरावर ओळीत उभं राहून सगळं मैदान चालून काढायचं. काचा, गळ, जाळ्याचे तुकडे, फुटकी शिंपलं, सगळं पिशवीत. आम्ही दरवर्षी अर्धं पोतं भरतो. अनवाणी खेळायचं तर हे चुकवून चालत नाही.

गुहागर, आंजर्ले, वेळास अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात. कुंपण घातलेलं दिसलं की तिथून दूर जायचं आणि गाडी वाळूत उतरवायचीच नाही. ग्रामपंचायतीला आधी सांगून ठेवावं. त्यांनाच कुठे काय आहे ते ठाऊक असतं.

माणसं वाटून घ्या

चाळीस माणसं असतील तर दहा-दहाचे चार गट. गट आपण होऊन पाडू दिले की तरणी मुलं एकीकडे जातात आणि साठीच्या पुढचे खुर्च्या शोधू लागतात. त्यासाठी तीन डबे ठेवा. पस्तिशीच्या आतले, पस्तीस ते पंचावन्न, आणि त्यापुढचे. प्रत्येक डब्यातून चिठ्ठ्या काढून चारही गटांत सारख्या वाटायच्या. नवरा-बायको वेगळ्या गटांत. गटांना नावं सागरी किल्ल्यांची द्यावीत, म्हणजे सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. खूण म्हणून मनगटाला रंगीत फीत पुरते, टी-शर्ट छापत बसू नका.

चिठ्ठी काढताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, आणि तो बाजूला घेऊन: गुडघा, कंबर, रक्तदाब, हृदय, यातलं काही आहे का? उत्तर चारचौघांत देववत नाही. आमच्याकडे हे काम परिचारिका असलेल्या एका सुनेकडे असतं.

खेळ

कबड्डी आणि खो-खो मी मुद्दाम ठेवत नाही. दोन्ही जिवाभावाचे खेळ, पण वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाला झटक्यात वळणं आणि पडणं झेपत नाही. सुरुवात चालत खेळायच्या शिवाशिवीने करावी. धावलं की राज्य त्याच्यावर. दहा मिनिटांत अंग मोकळं होतं आणि लोक हसायला लागतात. त्यानंतर टाचा वर करणं, मांड्या ताणणं, खांदे फिरवणं.

*आट्यापाट्या* हा माझ्या मते ओल्या वाळूसाठीच जन्मलेला खेळ आहे. काठीने ओढलेली रेघ लख्ख दिसते, पडलं तर लागत नाही. नियमाप्रमाणे नऊ पाट्या, म्हणजे अडवायच्या आडव्या रेघा, असतात. मोठ्यांना पाच पुरतात, आणि पाटी साधारण सहा मीटर लांब ठेवावी. पाटी धरणाऱ्याने रेघेवरच राहायचं, दुसऱ्या गटाने चकवून पलीकडे जायचं आणि लोण घेऊन, म्हणजे पुन्हा सगळ्या पाट्या चुकवत, परत यायचं. आपला बदल एवढाच की शिवलेला माणूस बाद नाही. तो पहिल्या पाटीपाशी परत येतो आणि नव्याने सुरू करतो. पाच मिनिटांत किती जण परतले तेवढे गुण. पाटी धरण्यात वय आड येत नाही. आमच्याकडे सगळ्यात पक्की पाटी एक निवृत्त पोस्टमन धरतात. ते पळत नाहीत. समोरच्याच्या खांद्याकडे बघत नुसता हात पसरून उभे राहतात.

*लगोरी* वाळूत कोसळते, म्हणून खाली जेवणाचा लाकडी पाट ठेवायचा. दगडांऐवजी फुटक्या कौलांचे सात तुकडे घ्या, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, आणि त्यांच्या कडा फरशीवर घासून बोथट करा. चेंडू टेनिसचा आणि मारायचा तो कमरेच्या खाली. चेंडू लागलेल्याने गटाच्या मागच्या टोकाला जाऊन पुन्हा यायचं.

*रस्सीखेच* सगळ्यांना हवी असते आणि दुखापतही हीच जास्त करते, तेव्हा हिच्यावर थोडं थांबतो. १९०० ते १९२० या काळात ती ऑलिंपिकमध्येही होती. स्पर्धेचा दोर किमान ३३.५ मीटर लांब आणि १० ते १२.५ सेंटीमीटर घेराचा असतो. आठ-आठ जणांना २५ मीटर पुरतो. जेटीवर नायलॉनचा दोर सहज मिळतो, पण तो घेऊ नका. नायलॉन ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. काथ्याने तळवे सोलतात. जाड सुती किंवा तागाचा दोर भाड्याने मिळतो, किंवा वाडीने वर्गणी काढून एकदा घ्यावा. दोर मनगटाला, कमरेला किंवा हाताला गुंडाळायचा नाही, शेवटच्या माणसानेही नाही. दोराला गाठी किंवा फास नकोत. मधोमध लाल फडकं बांधायचं, आणि ते दोन मीटर सरकलं की डाव संपला. शिट्टी झाली की दोर हळू सोडायचा, एकदम नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, म्हणून ज्यांना तो त्रास आहे त्यांनी ओढू नये. त्यांनी ताल धरावा. “हैऽऽशा!” ची हाक एका सुरात देणारा माणूस असला की गट एका दमात ओढतो. हाक देणाऱ्याला आम्ही गुणही देतो.

*नारळ लढवणे* हा खेळ मालवणच्या नारळी पौर्णिमेचा. एकाने नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला त्याने तो समोरच्याला द्यायचा. ताकदीपेक्षा नारळ निवडण्यातच सगळं आहे. आमच्या शेजारच्या काकू सत्तरीच्या आहेत. नारळ कानापाशी नेतात, नखाने टकटक करतात, शेंडीकडे अंगठा दाबून बघतात आणि चार नारळ बाजूला ठेवून पाचवा उचलतात. एकदा त्यांनी लागोपाठ सहा जणांचे फोडले. गट कोणताही असो, हा खेळ वयाने मोठ्यांनीच खेळायचा असा आमचा नियम आहे, आणि तो शेवटून दुसरा ठेवतो, म्हणजे गुण त्यांच्या हातात राहतात. फुटलेल्या नारळांची चटणी होते.

शेवटी *पाण्याची रांग*. गट ओळीत बसतो. पुढचा माणूस समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीतून करवंटी भरतो आणि डोक्यावरून मागे देतो, शेवटचा कळशीत ओततो. कळशी आधी भरेल तो गट जिंकला. सगळे भिजतात, आणि दिवसभर लाजत असलेली माणसंही इथे ओरडतात. बादल्या आधीच भरून ठेवायच्या, म्हणजे खेळाच्या भरात कोणी पाण्याकडे धावत नाही. समुद्रात पाय घालायचे ते सगळं संपल्यावर, सगळ्यांनी मिळून, गुडघ्याच्या आत. दारू पिऊन आलेल्याला त्या दिवशी खेळायला घेऊ नये, मग तो घरचा का असेना.

गुण शाळेतल्या जुन्या फळ्यावर खडूने लिहावेत. चौथ्या गटालाही प्रत्येक खेळाला एक गुण द्यावा, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत कोणी सुटत नाही. बक्षीस कोकमाच्या आगळाची बाटली किंवा काजूगर.

पाणी, खाणं, दुखणं

माणशी दोन लिटर पाणी धरा. चाळीस जणांना वीस लिटरचे चार जार. शिवाय कोकम सरबत, मीठ-जिरं घालून. खेळाआधी दोन तास जड खाऊ नये, उकड्या तांदळाची पेज किंवा केळं पुरतं. जेवण शेवटी. मध्ये जेवण ठेवलं की निम्मी माणसं परत उठत नाहीत. आम्ही दडपे पोहे आणि घावणे-चटणी करतो, मासे दुसऱ्या दिवशी.

कोणाला घेरी आली तर सावलीत आडवं करा, अंग ओलं करा. शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट द्या. चमचा चहाचा. पाय मुरगळला तर बर्फ फडक्यात बांधून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि पाय उंचावर. बर्फ जेटीवरून सकाळीच आणून थर्मोकोलच्या पेटीत ठेवावा. छातीत दुखलं, श्वास लागला, बोलणं अडखळलं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा. किनाऱ्यावर कुठे रेंज येते ती जागा आधी शोधून ठेवावी. एक गाडी चावीसकट, तोंड रस्त्याकडे करून उभी हवी.

निघण्याआधी

कळश्या, पाट, कौलं मोजून घ्यावीत. कचऱ्याचं पोतं गाडीत पहिलं चढवावं, नाहीतर ते सुरूच्या बनात विसरतं. सगळे जेवत असतानाच पुढच्या वर्षीचं पंचांग उघडावं आणि तिथी तिथल्या तिथे ठरवावी. चाकरमान्यांना रेल्वेचं आरक्षण करायला तेवढा अवधी लागतो. दोर खाऱ्या पाण्याने भिजलेला असतो. तो त्याच रात्री विहिरीच्या पाण्याने धुवायचा, दोन दिवस सावलीत वाळवायचा आणि माळ्यावर वाशाला टांगून ठेवायचा. जमिनीवर ठेवला तर पावसाळ्यात कुजतो, आणि पुढच्या वर्षी तोच दोर सोळा माणसांचा भार घेणार असतो.